कॅटलिया ऑर्किडला शीथ (कळीभोवतीचं आवरण) आली, फूल नाही. मदत हवी आहे (सांगली)

नमस्कार. मोठ्या जांभळ्या फुलाची संकरित कॅटलिया आहे, प्रत्येक बल्बवर (फुगीर खोडावर) एकच पान. दोन वर्षांत एकही फूल नाही. गॅलरी पूर्वेची, पण समोर इमारत असल्याने ऊन जेमतेम तासभर. पाच इंची प्लास्टिकच्या कुंडीत कोकोपीट आहे, नर्सरीतून आलं तसंच. एक दिवसाआड बोअरचं पाणी, पंधरवड्याला १९:१९:१९ खत लिटरला २ ग्रॅम. पानं गडद हिरवी, टोकं तपकिरी. नवा बल्ब आधीच्यापेक्षा बारीक निघाला. त्याला आलेली शीथ आता वाळून पिवळी पडली आहे. कापू का? खत वाढवू का?

प्रतिसाद १

शीथ कापू नका. बऱ्याच कॅटलियांत शीथ आधी वाळते आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच वाळक्या पापुद्र्यातून कळी वर येते. रात्री शीथच्या मागे मोबाईलचा टॉर्च धरा. तळाशी गव्हाच्या दाण्याएवढी गडद सावली दिसली तर कळी आहे. आत पाण्याचे थेंब साचले असतील तर मात्र शीथचं टोक कात्रीने उघडा, नाहीतर कळी आतच कुजते.

खत वाढवायचं तर नाहीच, उलट कमी करा. बल्ब बारीक होत जातो तेव्हा मुळं गेलेली असतात. कॅटलिया मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली, झाडाच्या खोडावर वाढणारी. आपल्याकडे आंब्यावर सीतेची वेणी हे ऑर्किड वाढतं, अगदी तशीच. तिच्या मुळांवर पांढरा स्पंजासारखा थर असतो. तो भिजला पाहिजे आणि लगेच वाळलाही पाहिजे. कोकोपीट आतून ओलंच राहतं, मूळ गुदमरून कुजतं. एक मूळ चिमटीत धरून ओढा. साल निसटून हातात नुसता दोरा राहिला तर ते मेलेलं.

नव्या बल्बच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं अर्धा-एक सेंटीमीटर दिसू लागली की कुंडी बदला. त्याआधी नको, आणि ती लांब झाल्यावरही नको, कारण हात लागला की मोडतात. इतकी मुळं कुजलेली असतील तर यंदाच्या फुलाची आशा सोडा, झाड वाचवणं महत्त्वाचं.

भोकं पाडलेली मातीची कुंडी घ्या. लाकडी कोळसा आणि विटेचे तुकडे निम्मे-निम्मे, दोन-तीन सेंटीमीटरचे, रात्रभर भिजवून धुतलेले. मेलेली मुळं गॅसवर तापवून गार केलेल्या कात्रीने काढा. सर्वात जुना बल्ब कुंडीच्या कडेला टेकवा, म्हणजे नव्या फुटव्याला पुढे जागा राहते. आडवं खोड कोळशाच्या वर राहू द्या, पुरू नका. बल्ब काठीला घट्ट बांधा. झाड हललं की नवी मुळं घासून मरतात. पहिला आठवडा सावलीत ठेवून फक्त फवारा मारा. झाड तोडून दोन करायचा मोह नको, प्रत्येक भागाला तीन-चार बल्ब तरी लागतातच.

प्रतिसाद २

टोकं तपकिरी होण्यामागे बहुतेक बोअरचे क्षार आहेत. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का बघा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २०० च्या आत हवा. पावसाचं पाणी साठवा, नाहीतर आरओचं वापरा. खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याला एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा.

गडद हिरवं पान म्हणजे उजेड कमी. पान पोपटी दिसायला हवं. जागा बदला, पण आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं ऊन वाढवा. मार्च ते मे सांगलीच्या उन्हात ५० टक्के शेडनेट हवंच. दुपारी पानाला बोटं लावा, गरम लागलं तर सावली वाढवा. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असतो का? काही कॅटलियांना कळी धरायला रात्री पूर्ण अंधार लागतो.

धागाकर्ता

दिवा रात्रभर असतो! आजपासून बंद. कोळशात पाणी किती? आणि पावसाळ्यात काय करायचं?

प्रतिसाद १

उन्हाळ्यात रोज सकाळी, थंडीत तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात कोळसा कोरडा दिसल्यावरच. संततधारेत कुंडी छपराखाली घ्या. नव्या फुटव्यात पाणी साचून तो काळा, पाणचट झाला तर त्याच दिवशी खालच्या निरोगी भागापर्यंत कापा, कात्री प्रत्येक कापाला पुन्हा तापवा. मग मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, हातमोजे आणि मास्क घालून फवारा. द्राक्षवाले डाऊनी रोगाला मारतात तेच, तासगाव-मिरजेकडे कुठल्याही कृषी दुकानात मिळेल. बल्बवरचे वाळलेले पापुद्रे अधूनमधून सोलून बघा, खवले कीड त्याखालीच लपते.