चर्चा: कॅज्युअल्टीत ट्रान्स रुग्णाने किती सांगावं आणि कुणाला?

उंबरठा

ट्रान्स व्यक्तीला अपरात्री कॅज्युअल्टीत जायची वेळ आली की तिला दोन टोकांचे सल्ले मिळतात. काही जण म्हणतात, नुसता त्रास सांग, बाकी गप्प राहा. काही म्हणतात, सगळं सांगून टाक. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, फक्त जागा वेगळी. केसपेपरच्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना काही बोलायची गरज नाही. पण तपासायला येणाऱ्या पहिल्या डॉक्टरला तीन गोष्टी त्याने विचारायची वाट न बघता सांगाव्यात: कोणती औषधं चालू आहेत आणि शेवटचा डोस कधी घेतला, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, आणि कोणते अवयव शरीरात आहेत.

औषधांचं बघा. इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) घेणाऱ्या ट्रान्स बाईची, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या बाईची, एकच पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला, तर रक्ताची गुठळी हा पहिला संशय हवा. केसपेपरवर 'पुरुष' लिहिलेलं असेल तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल कुणी विचारतही नाही. आपल्याकडे बऱ्याच जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्वतःच डोस ठरवतात. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिओल असतं. रोज पाच घेतल्या तर ०.१५ झालं, आणि गुठळीच्या बाबतीत हेच इस्ट्रोजेन जास्त धोक्याचं. म्हणून 'हार्मोन चालू आहेत' एवढं पुरत नाही, गोळ्यांची पट्टीच दाखवा. स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन दाबणारी गोळी) घेणारी व्यक्ती जुलाब-उलट्यांनी गळून आली, तर तिचं पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं. सलाइनमध्ये पोटॅशियम घालण्याआधी रक्तातली पातळी आणि ईसीजी बघावाच लागतो.

ट्रान्स पुरुषाच्या, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषाच्या, ओटीपोटात कळ आली तर? टेस्टोस्टेरॉनने (पुरुषी हार्मोनने) पाळी थांबते, गर्भधारणा थांबेलच असं नाही. गर्भाशय आणि बीजकोश असतील तर गर्भाची चाचणी झालीच पाहिजे. नळीतला गर्भ फुटला तर हातात तास-दोन तासही नसतात. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतली एक केस छापून आली होती. ३२ वर्षांचा पुरुष, पोटदुखी, तातडीची नाही अशी नोंद. कित्येक तासांनी कळलं की तो गरोदर आहे आणि नाळ खाली आली आहे. बाळ मृत जन्मलं.

पारवा

उंबरठा, ती केस तुमच्याच मुद्द्याच्या विरोधात जाते हो! त्या माणसाने नर्सला सांगितलं होतं की तो ट्रान्स आहे. घरी केलेली गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली हेही सांगितलं होतं. गर्भाची चाचणी लिहूनही दिली होती, पण समोर 'पुरुष' असल्यामुळे घाई कुणालाच वाटली नाही. रुग्णाने आणखी काय सांगायला हवं होतं? दोष ट्रायाजचा, म्हणजे कोण किती तातडीचं हे ठरवणाऱ्या पहिल्या तपासणीचा, आणि तुम्ही ओझं टाकताय रुग्णावर.

शिवाय सगळं सांगण्याची किंमत मोजावी लागते. हार्मोनचं नाव काढलं की ताप, डोकेदुखी, चक्कर, सगळ्याचं खापर त्यावर फुटतं आणि डेंग्यूची तपासणी मागे पडते. मनगट मोडलेल्या माणसाला कपडे काढायला लावतात आणि पडद्याबाहेरून चार इंटर्न डोकावतात. म्हणून सांगायचं ते तक्रारीपुरतं. पोट, लघवी, छाती, दम, बेशुद्धी यांत सांगा. कुत्रा चावला असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुणं आणि लस यात लिंगाचा काय संबंध? प्रश्न आला तर शांतपणे विचारायचं, "डॉक्टर, ही माहिती या उपचारात कशासाठी लागेल?" ज्याला उत्तर देता येतं तोच प्रश्न कामाचा.

रात्रपाळी

'तक्रारीपुरतं' हे कागदावर छान आहे. पण कशाचा कशाशी संबंध आहे हे रात्री दोन वाजता वेदनेत असलेल्या माणसाने ठरवायचं? हाताचं सोडा, पायाला प्लास्टर लागलं की पाय हलत नाही, आणि वर इस्ट्रोजेन चालू असेल तर गुठळीचा धोका वाढतो. तिथे 'हाडाचा आणि हार्मोनचा काय संबंध' म्हणून गप्प बसलात तर नुकसान तुमचंच.

काही गोष्टी कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या आम्हा लोकांनाही माहीत नसतात, त्या इथे लिहून ठेवतो. निर्वाण झालेल्या (शिश्न आणि वृषण काढलेल्या) व्यक्तीची लघवी अडली तर छिद्र आक्रसलेलं असण्याची शक्यता मोठी. मोठ्या माणसाला नेहमी लावतो तो १४ किंवा १६ फ्रेंचचा (हे जाडीचं माप) कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तिथे रेटला की फाटतं, रक्त येतं आणि पुढचा रस्ता आणखी बंद होतो. बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून १० किंवा १२ नंबरचा एकदा हलक्या हाताने घालून बघा. नाही गेला तर थांबा आणि सर्जनला बोलवा, गरज पडली तर ओटीपोटातून थेट नळी टाकतात. शस्त्रक्रियेने शिश्न बनवलेल्या ट्रान्स पुरुषात मूत्रमार्ग लांब आणि वळणाचा असतो, जोडाजवळ अरुंद होतो. तिथे अंदाजाने कॅथेटर घालूच नये. आणि योनी बनवली तरी प्रोस्टेट आतच असतं, त्यामुळे थंडी-ताप आणि लघवीला जळजळ असेल तर तेही डोक्यात ठेवा.

बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालून दम लागत असेल तर आधी तो काढा. शुद्धीत असेल तर विचारून, पडदा लावून, आणि लगेच चादर द्या. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) चालू असेल तर सरळ पुढून कापा. शॉकचे पॅड उघड्या, कोरड्या त्वचेवरच लागतात.

लॅबचंही तसंच. वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं हिमोग्लोबिन साधारण पुरुषांच्या मर्यादेत, १३ ते १७ मध्ये असतं. फॉर्मवर 'स्त्री' असेल तर १२.२ चा रिपोर्ट 'नॉर्मल' छापून येतो, आणि आतून रक्त जात असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही.

पारवा

लघवी अडण्याचं मी माझ्या यादीत आधीच घातलंय, रात्रपाळी. पायाच्या प्लास्टरचं मान्य, ते यादीत घालू. पण तुमच्या पोस्टमधली निम्मी वाक्यं डॉक्टरने काय शिकावं याची आहेत. मग रुग्णाला कशाला शिकवायचं?

मैना७

तुम्ही सगळे पडद्याच्या आतलं बोलताय. खरी फरफट होते ती भरती करताना. सिस्टर विचारते, मेल वॉर्ड की फिमेल? ट्रान्स बाईला मेल वॉर्डात टाकलं की ती बाथरूमला जायचं टाळते, म्हणून पाणी पीत नाही, आणि सकाळी डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जातो या कागदावर) सही करून निघून जाते. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट राहतो. मुंबईत जी.टी. हॉस्पिटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रान्स रुग्णांसाठी ३० खाटांचा वेगळा कक्ष सुरू केला. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तसाच हवा, दोन खाटांचा का होईना.

शेवाळ

मैना, तिथेच माझा विरोध आहे. वेगळा कक्ष झाला की बाकीच्या रुग्णालयांना हात झटकायला कारण मिळतं: "त्यांची सोय मुंबईला आहे, तिकडे न्या." १०८ च्या ॲम्ब्युलन्समध्ये घालून पाठवलं की मधले तास गेले. हार्ट अटॅकच्या रुग्णाला मॉनिटर आणि आयसीयू लागतो, ते दोन खाटांच्या खोलीत कुठून येणार? भरतीनंतरच्या मुक्कामासाठी बाजूची खाट, दोन पडदे आणि कडी असलेलं एक बाथरूम द्या. बाईला फिमेल वॉर्डातच ठेवा. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, त्यात उपचारातल्या भेदभावाला मनाई आहे. पहिला उपचार जिथे पोचलो तिथेच, हा आग्रह सोडायचा नाही.

मैना७

फिमेल वॉर्डातल्या इतर नातेवाइकांनी आरडाओरडा केला तर? रात्री वॉर्डात सिस्टर एकटी असते आणि ती बोलणी खाऊन शेवटी खाट हलवते. कायदा तिच्या मदतीला येत नाही, भिंत येते.

कलमबहाद्दर

कायद्यावर एवढंही पाणी सोडू नका. परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की तातडीचा उपचार देणं हे सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांचं कर्तव्य आहे, आणि पोलिसांच्या सोपस्कारांसाठी तो थांबवता येत नाही. म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) असली तरी आधी टाके, मग कागद.

'नातेवाईक आणा, सही लागेल' या वाक्यावर बरेच जण अडतात. रुग्ण १८ वर्षांचा आणि शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची सही पुरते. रक्ताचं नातं तुटलेलं असतं, सोबत हिजडा समाजातला गुरू किंवा चेला असतो. त्याचं नाव केसपेपरवर 'सोबत आलेली व्यक्ती' म्हणून फोन नंबरसह लिहून घ्यायला सांगा, म्हणजे नंतर माहिती कुणाला द्यायची यावर वाद होत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल, संमती द्यायला कुणी नसेल आणि थांबायला वेळ नसेल, तर जीव वाचवण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० संरक्षण देतं.

नाव आधारवर जुनं आणि बोलण्यात नवं असेल तर एमएलसीच्या नोंदीत दोन्ही घाला, मध्ये 'ऊर्फ' लिहून. एकच घातलं तर पुढे कोर्टात जखमी ती व्यक्ती हीच का, असा फाटा फुटतो. लैंगिक अत्याचाराच्या तपासणीसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार ट्रान्स व्यक्तीला तपासणी स्त्री डॉक्टरने करावी की पुरुष डॉक्टरने, हे निवडता येतं. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या. तक्रार नोंदवायची की नाही हे ठरलं नसेल तरी गोळ्या थांबवू नका.

उंबरठा

पारवा, केसबद्दलचा तुमचा आक्षेप बिनतोड आहे. तरी 'डॉक्टरने शिकावं' हे आज रात्री पोट दुखणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. तोंडी सांगण्यापेक्षा पाकिटात घडी करून ठेवायची चिठ्ठी सुचवतो, म्हणजे पडद्याबाहेर ऐकू जायचा प्रश्नच नाही:

हाक मारायचं नाव, आधारवरचं नाव. औषधं, डोस, कधीपासून. शस्त्रक्रिया, वर्ष. जन्मलिंग. ॲलर्जी. रक्तगट. कुणाला फोन करायचा.

पारवा

चिठ्ठी चालेल, पण त्यातलं 'जन्मलिंग' काढा. तो शब्द वाचला की पुढचं कुणी वाचत नाही. त्या जागी अवयव लिहा: गर्भाशय आहे, बीजकोश आहेत, प्रोस्टेट आहे, वृषण काढलेले. डॉक्टरला लागतं तेवढं त्यात आलं. सिलिकॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर जागा आणि तारीखही घाला, कारण त्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत दम लागला तर ते फुफ्फुसात गेल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि तो छातीच्या एक्स-रेवर न्यूमोनियासारखा दिसू शकतो.

रात्रपाळी

रक्तगट लिहिलात तरी ब्लड बँक पुन्हा तपासणारच, ती ओळ वाया. त्या जागी कॅथेटरचा नंबर लिहा, आधी कधी लागला असेल तर.