ओटिसने कागद जाळले, ॲडम्सने जपले. विश्वास कुणावर ठेवायचा?

जुनंदप्तर
सध्या जॉन ॲडम्सचे खासगी कागद वाचतोय. हा बॉस्टनचा वकील, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष. डायरी, खटल्यांची टिपणं, बायकोशी झालेली हजारावर पत्रं; गड्याने काही म्हणून टाकलं नाही. माझी शंका तिथेच आहे.

फेब्रुवारी 1761 मध्ये बॉस्टनच्याच जेम्स ओटिस या वकिलाने 'रिट ऑफ असिस्टन्स'विरुद्ध बाजू मांडली. हे रिट हातात असलं की कस्टमवाले कुणाच्याही घरात झडतीला घुसू शकत. त्या भाषणाने अमेरिकन क्रांतीची ठिणगी पडली, असं जो तो लिहितो. आधार? ॲडम्सने 1817 मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी लिहिलेलं पत्र. ओटिस म्हणजे आगीचा लोळ, स्वातंत्र्याचं बाळ तिथेच जन्मलं वगैरे. ताडून बघायला ओटिसचे कागद नाहीत, त्याने ते जाळले. कित्येक दिवस तेच चाललं होतं म्हणे. आणि हेही सांगतो कोण, तर ॲडम्सच, ओटिसच्या मुलीच्या हवाल्याने! ॲडम्सचं निम्मं मोठेपण त्याच्या फडताळाचं आहे, असं माझं मत.

कोर्टकचेरी
साफ असहमत. 1817 चं पत्र ठेवा बाजूला. पंचविशीतला ॲडम्स त्या सुनावणीला हजर होता आणि त्याची तेव्हाची टिपणं शिल्लक आहेत. त्यांत ना आग, ना बाळ. तुटक वाक्यं, जुन्या निवाड्यांचे दाखले, आणि मधेच एक ओळ: घटनेविरुद्धचा कायदा रद्दबातल. नोव्हेंबरातल्या फेरसुनावणीच्या नोंदी जोसाया क्विन्सीने वेगळ्या ठेवल्यात. वसाहतींच्या हक्कांवरची ओटिसची 1764 ची पुस्तिका तर छापलेलीच आहे. तो काही ॲडम्सच्या मेहेरबानीवर जगत नाही.

जुनंदप्तर
टिपणं मान्य. पण लोकांच्या तोंडी काय बसलंय? बाळच ना! आणि मर्सी वॉरनचं काय? ओटिसची सख्खी बहीण. 1805 मध्ये तिने क्रांतीचा तीन खंडी इतिहास काढला, त्यात ॲडम्सचं फारसं कौतुक नव्हतं. 1807 मध्ये याने पत्रावर पत्र धाडून तिला भंडावून सोडलं. इतक्या हळव्या कातडीच्या माणसाची साक्ष डोळे मिटून घ्यायची?

शेवंता_उसगावकर
अहो, पण ती भांडणाची पत्रंही शिल्लक आहेतच की! प्रतिमा घासूनपुसून ठेवायची असती तर आधी तीच चुलीत गेली असती. 1756 च्या डायरीत हाच विशीतला पोरगा लिहितो की अहंकार हा माझा मुख्य दुर्गुण. आणि बायकोने, ॲबिगेलने, पत्रं जाळायला सांगितली तेव्हा, 1776 मध्ये, उत्तर आलं: आधी तुला विसरावं लागेल. (लाडिक आहे, पण चालतं.) ती जळली असती तर त्याच जुलैत नवरा फिलाडेल्फियात असताना ती पोरांना घेऊन देवी टोचून घ्यायला बॉस्टनला गेली, हे कुठे वाचलं असतं?

जुनंदप्तर
ॲबिगेलपुरतं +1. ओटिसपुरतं नाही. 1769 मध्ये कॉफी हाऊसमधल्या मारामारीत कस्टमच्या अधिकाऱ्याने त्याचं डोकं फोडलं, पुढे मन ढळत गेलं. त्याने काय काय जाळलं याची यादीसुद्धा नाही. त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी निदान प्रत्येक वाक्यापुढे 1761 की 1817, एवढं तरी टाकावं.

कोर्टकचेरी
एवढ्यावर सही करतो. फडताळाबद्दल असहमती कायम.