मदत हवी आहे: दादाच्या ट्रकमधला रडार डिटेक्टर आणि वाढलेला वेग

नमस्कार मंडळी. आम्ही चोपड्याचे. घरचा एकच ट्रक, तोही कर्जावर. मोठा भाऊ चालवतो, हिशेब मी बघतो. केळी भरून शिरपूर, पळासनेर, सेंधवा, इंदूर करत थेट दिल्ली. उशीर झाला की व्यापारी भाड्यातून पैसे कापतो.

चार महिन्यांपूर्वी दादाने दिल्लीहून रडार डिटेक्टर आणला, म्हणजे पुढे पोलिसांचं वेग मोजणारं रडार असलं की वाजणारं यंत्र. काळी डबी, लिंबू-मिरचीच्या बाजूला काचेला चिकटवलीय. गाडीचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवणारा स्पीड गव्हर्नर तर आधीच बंद करून ठेवलाय. गेल्या खेपेला मी सोबत होतो. डबी वाजली की दादा पाय उचलतो, गप्प झाली की परत दाबतो, काटा नव्वदवर. एका हॉटेलचं काचेचं दार आपोआप सरकलं, तरी ती वाजली. दादाने भरल्या गाडीला असा ब्रेक मारला की मागचा टँकर हॉर्न वाजवत पार अंगावर आला. एवढं करून दोन ई-चलान आलेच.

चलान भरू हो. पण जुलै 2023 मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला, माणसं गेली. परतताना दादा त्याच उतारावरून येतो. वहिनी रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी असते. काही बोललं की म्हणतो, "सगळेच पळवतात, तू हिशेब बघ." मोठ्या भावाला कसं समजावू? व्यापाऱ्याकडून वेळ वाढवून घेतलीय का कोणी?

उत्तर:
भाऊ, मी 22 वर्षं गाडी चालवली, आता भुसावळला घरीच असतो. इंटरसेप्टरमध्ये, म्हणजे पोलिसांच्या वेग तपासणाऱ्या गाडीत, लेझर गन असते. तिचा किरण बारीक, त्यामुळे डबी वाजते तोवर वेग मोजून झालेला असतो. हे आधी सांग, पैसे वाया गेल्याचं लवकर पटतं. चौपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला मर्यादा ताशी 80 किलोमीटरची. ओलांडली की कायद्यात अवजड गाडीला 2000 ते 4000 रुपये दंड, दुसऱ्यांदा लायसन्स जप्त. अमेरिकेत तर मोठ्या ट्रकमध्ये रडार डिटेक्टर वापरायला 1994 पासून बंदी आहे. आणि वेग 60 ऐवजी 80 असला, तर ब्रेक लागल्यावर गाडी जवळपास पावणेदोन पट लांब जाऊन थांबते.

व्यापाऱ्याच्या मागे लागण्याआधी भरणी बघ. आमचा वेळ बागेतच जायचा. कापणी पहाटे लावली, गाडी दुपारी सुटू लागली, तेव्हा रात्रीची पळापळ कमी झाली.

काका, परवा भरणी आहे. कापणीवाल्यांना आत्ताच फोन लावला, पहाटे पाचला येतो म्हणाले. लेझरचं आज जेवताना काढतो, वहिनीलाही शेजारी बसवतो.