शिक्षकांचे वेतन आणि वर्गातील साधने : देशादेशांची तुलना कशी करावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. शिक्षकांच्या एका अभ्यासगटासाठी मी निरनिराळ्या देशांतील शिक्षकांचे वेतन आणि वर्गातील साधने यांचा तक्ता तयार करत आहे. वेतनाचा रकाना भरताना अडखळलो आहे आणि साधनांचा रकाना तर जवळजवळ कोराच आहे.

आधी मी चालू विनिमय दराने सगळी वेतने डॉलरमध्ये मांडली होती. महागाईतला फरक त्यात दिसत नाही हे उमगल्यावर ओईसीडीच्या (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) वार्षिक अहवालातील क्रयशक्तीनुसार समतुल्य केलेले आकडे घेतले. मात्र तिथे रुजू होतानाचे, १५ वर्षांच्या सेवेनंतरचे आणि श्रेणीच्या कमाल टप्प्यावरचे, असे वेगवेगळे आकडे आहेत. लक्झेंबर्ग कोणत्याही रकान्यात वरच राहतो, परंतु दक्षिण कोरियात सुरुवातीचे वेतन ओईसीडीच्या सरासरीहून कमी आणि कमाल वेतन सरासरीहून बरेच जास्त आहे. शिवाय त्या टप्प्यावर पोहोचायला ३७ वर्षे लागतात. अशा वेळी कोणता आकडा प्रातिनिधिक मानावा?

साधनांच्या बाबतीत माझी एक चूक झाली, तीही सांगतो. विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर मी वर्गाची पटसंख्या म्हणून लिहून बसलो होतो. ओईसीडी देशांत प्राथमिक स्तरावर हे गुणोत्तर सरासरी १४-१५ आहे, तर प्रत्यक्ष वर्गात सुमारे २१ मुले बसतात, कारण विशेष शिक्षक आणि एकाच वर्गावर असलेले दोन शिक्षकही गुणोत्तरात मोजले जातात. मला खरे तर हवे आहे ते याहून साधे : रंगीत कागद, गोंद आणि कात्र्या कोणाच्या पैशाने येतात? फिनलंडमध्ये मूलभूत शिक्षणातील पुस्तके व साहित्य मोफत असते. अमेरिकेत शिक्षकाने पदरच्या पैशाने आणलेल्या साहित्यापोटी ठरावीक रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते, म्हणजे ही पदरमोड कायद्यानेच गृहीत धरली आहे. हे तक्त्यात कसे बसवावे?

प्रतिसाद :
१५ वर्षांचा आकडा घ्यावा, मात्र त्याच्या शेजारी त्याच देशातील इतर उच्चशिक्षितांच्या कमाईशी असलेले प्रमाणही द्यावे, कारण या पेशाकडे कोण वळते हे त्यावरूनच अधिक कळते. जर्मनीसाठी तळटीप हवी : तिथले बहुतेक शिक्षक सरकारी सेवेत असल्याने निवृत्तिवेतनासाठी त्यांच्या पगारातून वर्गणी कापली जात नाही, त्यामुळे ढोबळ वेतनावरून हाती येणाऱ्या रकमेचा अंदाज चुकतो.

साधनांसाठी ओईसीडीचेच 'टॅलिस' सर्वेक्षण पाहावे. शैक्षणिक साहित्याच्या तुटवड्यामुळे अध्यापनात अडथळा येतो का, हे त्यात मुख्याध्यापकांना विचारलेले असते. ती मोजणी नव्हे, मत आहे. अपेक्षाच कमी असेल तिथे उणीवही कमी जाणवते, म्हणून तो रकाना आपण वेगळ्या रंगात ठेवावा असे सुचवतो. पदरमोडीसाठी रकाना न करता थेट शिक्षकांनाच विचारावे : गेल्या महिन्यात वर्गासाठी स्वतःच्या पैशाने काय आणले?