मदत हवी आहे: चेंडूवरील बलाचे उत्तर जुळत नाही

ठाणेकर:
मुलीची नववीची विज्ञानाची परीक्षा उद्या आहे. १६० ग्रॅम वस्तुमानाच्या क्रिकेटच्या चेंडूचा वेग बॅटवर आदळण्यापूर्वी ताशी १०८ किलोमीटर आणि नंतर ताशी ७२ किलोमीटर आहे. वस्तुमानाला वेगातील बदलाने गुणून काळाने भागले, तर १६०० न्यूटन येतात. उत्तरसूचीत मात्र ८००० आहेत. उत्तरसूची चुकीची आहे का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

सायंतारा:
चेंडू बॅटला किती काळ टेकला होता आणि नंतर कोणत्या दिशेने गेला, हे आपण लिहिलेले नाही. त्यावाचून काहीच ठरवता येणार नाही.

गतिज:
अशी उदाहरणे ऊर्जेने सोडवावीत, असे माझे ठाम मत आहे. आधी ७२ ज्यूल होते, नंतर ३२ उरले. उत्तर या फरकातून काढावे.

सायंतारा:
गतिज, चेंडू पुढे गेला काय किंवा मागे फिरला काय, आपला ४० ज्यूलचा फरक तोच राहील. ऊर्जा अदिश राशी आहे आणि येथे सारा प्रश्न दिशेचा आहे.

ठाणेकर:
काळ एक मिलिसेकंद दिला आहे. चेंडू सरळ गोलंदाजाकडे परत गेला, हे तर उघडच आहे.

सायंतारा:
तेच निर्णायक आहे. येण्याची दिशा धन मानली, तर सुरुवातीचा वेग सेकंदाला ३० मीटर आणि नंतरचा उणे २० मीटर होतो. म्हणजे बदल १० नव्हे, तर उणे ५० आहे. ०.१६ गुणिले ५० म्हणजे ८, आणि त्याला ०.००१ ने भागले की ८००० न्यूटन. चेंडू त्याच दिशेने पुढे गेला असता, तरच १६०० आले असते. उत्तरसूची बरोबर आहे.

मैदानवाला:
याच सूत्रामुळे झेल घेताना हात मागे न्यावेत, असे मी मुलांना नेहमी सांगतो. हाच ३० मीटर वेगाचा चेंडू ०.०१ सेकंदात थांबवला, तर सरासरी ४८० न्यूटन बल लागते, ०.१ सेकंद घेतला, तर ४८ पुरते.

कार्यशाळा:
८००० हे सरासरी बल आहे, हेही लिहावे. आघातात बल शून्यापासून वाढून पुन्हा शून्यावर येते. त्याचा आलेख अर्ध्या ज्या-वक्रासारखा, म्हणजे साइन लाटेच्या एका उंचवट्यासारखा मानला, तर कमाल बल सुमारे १२,५०० न्यूटन भरते.

सायंतारा:
मुद्दा योग्य आहे, परंतु नववीच्या प्रश्नात तो विचारलेला नाही.

ठाणेकर:
आभारी आहे. उत्तरात उणे चिन्ह लिहावे का?

सायंतारा:
चिन्ह लिहायचे असेल, तर धन दिशा कोणती मानली ते आधी नोंदवावे. अन्यथा ‘८००० न्यूटन, गोलंदाजाच्या दिशेने’ असे लिहावे.