६४२ रिव्हॉल्व्हर घेतलंय, पण पाच गोळ्यांतच तळहात झोंबतो. मूठ बदलू की स्प्रिंग?

तुळशीबाग_टू_टेक्सास

नमस्कार मंडळी, डॅलसजवळ आमचं किराणा मालाचं दुकान आहे, रात्री दहाला बंद करून गल्ला घेऊन मागच्या पार्किंगमधून गाडीपर्यंत मी एकटीच जाते. अकरा वर्षं व्हिसावर काढली, ग्रीन कार्ड डिसेंबरात हातात आलं आणि फेब्रुवारीत स्मिथ अँड वेसनचं ६४२ घेतलं, पाच गोळ्यांचं, पॉइंट ३८ स्पेशल, घोडा आत झाकलेला. दुकानात हातात घेतलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की लगेच पसंत पडलं, पण रेंजवर प्लस-पी, म्हणजे जास्त दाबाच्या, गोळ्या मारल्या आणि अंगठ्याच्या बेचक्यात असा दणका बसला की दुसऱ्या दिवशी कणीक मळता येईना. शिवाय ट्रिगर इतका जड की ओढता ओढता नेम खाली जातो.

आता प्रश्न. एक, मूठ कुठली लावू, छोटी लाकडी की मोठी रबरी? दोन, हलक्या स्प्रिंगचे किट मिळतात ते टाकून घेऊ का? तीन, मी दुकानात कुर्ता लेगिंग्ज घालते, खिसाच नसतो, मग ठेवू कुठे, पर्समध्ये चालेल का? घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि भाचा आमच्याकडे राहून एमएस करतोय, तो म्हणतो मावशी मलाही रेंजवर ने.

रेंजवरचा_रविवार

ताई, आधी हे की तुमच्या हातात काही खोट नाही. ही जे-फ्रेम, म्हणजे स्मिथच्या छोट्या चौकटीची, रिव्हॉल्व्हरं १९५० पासून बनतायत, पहिली पोलादी होती, तुमचं अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वजन १५ औंसांच्या आसपास म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम. वस्तू जितकी हलकी तितका धक्का हाताला जास्त, यातून सुटका नाही. माझ्याकडे पोलादी पण आहे, तेच काडतूस त्यातून मारताना गंमत वाटते आणि हलक्यातून मारताना दात आवळले जातात.

मुठीचं म्हणाल तर कंपनीकडून येते ती छोटी बूट ग्रिप, तिच्यात करंगळी खाली लोंबकळते आणि मागची धातूची पट्टी उघडी राहते, तीच तुमच्या बेचक्यात लागतेय. पाठीवरून पूर्ण झाकणारी रबरी मूठ घ्या, पाकमायर किंवा होगची, दुखणं तिथेच निम्मं होईल. पण रबर कापडाला चिकटतं, खिशातून काढताना खिसा सोबत बाहेर येतो, म्हणून खिशात ठेवणारे लोक लाकडी किंवा जी-टेनची (कडक फायबरग्लासची) गुळगुळीत मूठ लावतात. एकच स्क्रू असतो, त्यामुळे दोन मुठी ठेवून बदलायलाही हरकत नाही, मात्र सराव जिच्यावर करता तीच रोज वापरायची.

स्प्रिंगला मात्र माझा साफ नकार. मी हे स्वतः करून पस्तावलोय. ट्रिगर मूळचा बारा पौंडांच्या आसपास असतो, मी घोड्याला टोला मारायला लावणारी मेनस्प्रिंग हलकी टाकली, ट्रिगर लोण्यासारखा झाला, आठवडाभर खुशीत होतो. मग रेंजवर पन्नासातल्या तीन गोळ्या उडाल्याच नाहीत, प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या पेटणाऱ्या टोपीवर, नुसता खड्डा. टोलाच हलका पडत होता. त्या तीनपैकी एक रात्री दहा वाजता पार्किंगमध्ये आली असती तर? त्याच दिवशी जुनी स्प्रिंग परत बसवली. नेम शिकायच्या बंदुकीत हवे ते करा, जिच्या भरवशावर बाहेर पडता तिच्यात नको. (आणि साइडप्लेट, म्हणजे बाजूचं झाकण, कधीही स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढू नका, कड वाकते, स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने हलके ठोकले की ती आपोआप सुटते.)

त्यापेक्षा डमी काडतुसं आणा, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, सिलिंडर दोनदा तपासा आणि रोज दहा मिनिटं सुरक्षित भिंतीकडे नेम धरून ट्रिगर ओढा. दोन महिन्यांत ट्रिगरही घासून मऊ होतो आणि बोटही तयार होतं. पुढच्या माशीवर (नळीच्या टोकाच्या नेम धरायच्या खुणेवर) आधी पांढरा आणि वर केशरी नेलपॉलिशचा हात मारा, अंधुक पार्किंगमध्ये काळ्यावर काळं काही दिसत नाही. एवढंच केलं तरी अर्धं काम झालं.

गोळ्या पण बदला. १४८ ग्रेनची वॅडकटर, चपट्या तोंडाची, धक्का खूपच कमी आणि दोन इंचांपेक्षा छोट्या नळीतून मारली तरी लक्ष्यात नीट आत शिरते. एकच अडचण, गोळी काडतुसाच्या तोंडाशी सपाट बसलेली असते त्यामुळे घाईत चेंबरमध्ये सरकवताना अडखळते, म्हणून सिलिंडरमध्ये वॅडकटर आणि स्पीड स्ट्रिपमध्ये (जादा गोळ्यांच्या रबरी पट्टीत) गोल तोंडाच्या असं माझं आहे.

ऑस्टिनची_आई

गोळ्या आणि मुठीचं दादांनी सांगितलंच आहे, मी भाच्यावरून सुरू करते कारण ते वाचून पोटात गोळा आला. एफ-वन (विद्यार्थ्यांचा), एच-वन-बी (नोकरीचा), एच-फोर (त्यांच्या कुटुंबाचा), यापैकी कुठल्याही व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगताच येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. रेंजवर पाच मिनिटं हातात घेतलं तरी ते बाळगणंच. टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या लोकांना परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं, ते ऐकून मुलांना वाटतं सगळ्यांना चालतं, पण ज्याला मुळात बाळगायलाच मनाई आहे त्याला तो कायदा वाचवत नाही. आणि नागरिक नसलेल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढू शकतात, ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा, म्हणजे हे तुम्हालाही लागू. छोटी तिजोरी घ्या, नंबर फक्त तुमच्याकडे, भाच्याला माहीतही नको. मुलीसाठी तर ती हवीच.

पर्स नको. पर्स आपण काउंटरवर ठेवतो, गाडीत विसरतो, मुलं तिच्यात चॉकलेट शोधतात. मी कुर्त्याच्या आत बेलीबँड, म्हणजे पोटावरचा पट्टा, वापरते, मात्र नुसत्या कापडाचा नाही, ट्रिगरवर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, झाकण असलेला. पहिले चार दिवस अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते. जीन्स घालाल त्या दिवशी पुढच्या खिशात पॉकेट होल्स्टर, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, पेन नाही. महिन्यातून एकदा ब्रशने झाडा, कापडाचा भुगा साचतो.

परवाना सक्तीचा नसला तरी एलटीसी, म्हणजे टेक्सासचा बंदूक जवळ ठेवायचा परवाना, काढाच. फी ४० डॉलर, ५० गोळ्यांची परीक्षा तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत चालतो आणि शाळेच्या हजार फुटांच्या आत बंदूक नको या फेडरल नियमातून राज्याच्या परवानाधारकाला सूट आहे. मुलीला सोडायला तुम्ही जातच असाल, पण शाळेत आत नेण्याची ही परवानगी नाही. ५१ टक्क्यांची लाल पाटी असलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होणाऱ्या, बारमध्येही नाही, आणि मंदिराच्या दारावर ३०.०६ ची (लपवलेली बंदूक आत आणू नका अशी) पाटी असेल तर दर्शनाआधी गाडीत कुलपात.

एक अजून, रेंजची बॅग वेगळी. ती कधीही भारताच्या प्रवासात वापरू नका. तळाशी एक काडतूस राहिलं तर मुंबई विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि आईबाबांना भेटायची सुट्टी पोलीस ठाणं आणि कोर्टात जाते.

सदाशिव_पेठ_३०

पुण्यातून वाचतोय. आपल्याकडे पॉइंट ३८ प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, येतं, म्हणून परवानाधारक सामान्य माणसाच्या कंबरेला कानपूरचं पॉइंट ३२ असतं, सहा गोळ्यांचं. २०१४ मध्ये तिथल्याच सरकारी कारखान्याने टायटॅनियम मिश्रधातूचं निर्भीक काढलं, ५०० ग्रॅमचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात, खास महिलांसाठी म्हणून जाहिरात केली होती. म्हणजे ताईंचं त्याहूनही हलकं आहे! गंमत म्हणजे २०२४ मध्ये स्मिथनेही जे-फ्रेम पॉइंट ३२ एच अँड आर मॅग्नममध्ये पुन्हा आणलं, सहा गोळ्या आणि धक्का कमी. आमच्याकडचं पॉइंट ३२ त्याहून कमी ताकदीचं, ते वर्षानुवर्षं कमजोर म्हणून हिणवलं जातं, आणि तिकडे लोक पॉइंट ३२ हौसेने घेतायत. दुखणं थांबलंच नाही तर तिकडे बघा.

तुळशीबाग_टू_टेक्सास

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ऑस्टिनच्या ताईंचे. भाच्याला काल रात्रीच समजावलं, थोडा हिरमुसला पण नियम स्वतः वाचून शांत झाला. तिजोरी आणली, कपाटाच्या तळाला बोल्टने बसवली. स्प्रिंगचं किट कार्टमधून काढलं. उधार मागून रबरी मूठ लावली आणि वॅडकटरच्या पंचवीस गोळ्या मारल्या, आज सकाळी पोळ्या लाटल्या, हात ठीक आहे. सात यार्डांवर पाचपैकी चार कागदी ताटलीत, पाचवी अजून डावीकडे खाली जातेय. ती ट्रिगरमुळे की मुठीला बोट नीट बसत नाही म्हणून, रविवारवाले दादा, फोटो टाकला तर सांगाल का?

रेंजवरचा_रविवार

टाका. उजव्या हाताने मारता ना? मग बहुतेक शेवटच्या क्षणी सगळी मूठच आवळताय. फोटोत अंगठे दिसू द्या, आणि ट्रिगरवर बोटाचं टोक आहे की पेर तेही. पुढच्या वेळी कुणाला तरी सिलिंडरमध्ये मध्येच एक डमी घालायला सांगा, ती आली की नळी खाली झुकताना तुम्हालाच दिसेल.