मदत हवी आहे: स्ट्रूपच्या डेटावर लॉग घ्यावा का?

टीवायबीए मानसशास्त्राचा प्रकल्प आहे. स्ट्रूप चाचणीत लिहिलेला शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायचा असतो आणि उत्तराला लागलेला वेळ (प्रतिसादवेळ) मोजतात. 24 जण, प्रत्येक जण जुळत्या (शब्द आणि शाईचा रंग एकच), न जुळत्या आणि तटस्थ (रंगाचे नाव नसलेला मजकूर) अशा तिन्ही परिस्थितींत; सहाही क्रम समान वाटलेले. चुकीची उत्तरे वगळून प्रत्येकाची दर परिस्थितीतली सरासरी प्रतिसादवेळ काढली आणि जामोवी या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये रिपीटेड मेजर्स अनोव्हा (त्याच व्यक्तींच्या अनेक सरासऱ्यांची तुलना) चालवला. परिस्थितींमधल्या फरकांचे विचरण समान आहे का (स्फेरिसिटी) हे पाहणाऱ्या मॉकली चाचणीत पी 0.003, म्हणजे ते समान नाही; त्यासाठीचा दुरुस्ती-गुणक एप्सिलॉन 0.71. ग्रीनहाउस-गायसर दुरुस्तीने डिग्रीज ऑफ फ्रीडम 2 व 46 ऐवजी 1.42 व 32.66 झाले. इथवर ठीक.

अडचण पुढे आहे. प्रतिसादवेळ उजवीकडे लांबलेली आहे, मोजक्या संथ प्रतिसादांनी सरासरी ओढली जाते. लॉग (लॉगॅरिदम) घेतला तर ही लांबण कमी होते, पण फरक मिलिसेकंदांत सांगता येत नाही, आणि मला तोच सांगायचा आहे. मग सरासरीऐवजी मध्यक घ्यावा, की सरासरी न काढता सगळ्या सुट्या प्रयत्नांवर मिश्र मॉडेल (व्यक्तीव्यक्तींतला फरकही धरणारे मॉडेल) बसवावे? शिवाय लहान नमुन्यात मॉकली चाचणी दुबळी असते (खरा फरक तिच्या हातून सुटू शकतो), तर ती न पाहता दुरुस्ती नेहमीच लावावी का? कृपया कारणासह सांगा.